आठ तुकडे

सातव्या गल्लीत, भूपालच्या वडलांची गिरणी होती तिथं
आता सुशी मिळते.
बाहेर पडताना भूपाल अजून अंग झटकतो,
पीठ बसल्यासारखं.

भात आजऱ्याचा, आचारी गडहिंग्लजचा.
एका ताटलीत आठ तुकडे. चौघांत दोन-दोन,
हिशेब जुना.
आज तिघंच.
काड्या निसटतात; शौकत हातानंच उचलतो,
"भाकरी कोण चिमट्यानं खातंय, लगा?"

दोन उरले.
इंद्रजितचे, असं कुणी म्हणालं नाही.
गिरणीच्या व्यवहारात तो मध्ये होता.

"पार्सल करू?" पोरानं विचारलं.
शौकतनं हिरवा गोळा सगळा त्यांच्यावर थापला,
दोन्ही एकदम तोंडात.
"ह्यात काय तिखट न्हाई," म्हणाला,
आणि बराच वेळ
रुमाल शोधत राहिला.