डाव्या स्टेअरिंगची गाडी

हर्णैच्या बंदरात होड्यांवर नावं रंगवतो मी.
नाव, नंबर, आणि कुणी हट्टच धरला तर
नाळेच्या दोन्ही अंगांना एकेक डोळा.
'विकणे आहे' असं रंगवायला
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
होडी तोंडी विकली जाते,
चहा निवायच्या आत.

पण इसाक बामणेंची गाडी होडी नव्हे.
पॉन्टियाक, अडुसष्टची, छप्पर मागे पडणारी,
कुवेतच्या धक्क्यावर टगबोटीची इंजिनं सांभाळत
सात वर्षं साठवलेल्या दिनारांची.
मुंबईच्या गोदीत तिच्यावर जेवढा कर बसला
तेवढ्यात आंजर्ल्याला चाळीस कलमांची बाग आली असती,
हे त्यांचे मेहुणे अजून सांगतात,
बाग त्यांना हवी होती म्हणून.

"लिही, आठ सिलिंडर."
लिहिलं.
"लिही, लिटरला चार."
चाचा, हे कशाला?
"लिही. दापोलीला जाऊन यायचं तर आठ लिटर.
घेणाऱ्याला आधी कळू दे."
छपराचं कापड मूळचं नाही, हेही लिहायला लावलं.
पाजपंढरीच्या एका म्हाताऱ्यानं
शिडाचं कापड दाभणानं शिवून दिलंय,
टाके बोटांनी मोजता येतात.
खालून मिठानं खाऊ नये म्हणून
दरसाल मुशीचं तेल फासतात,
ते मात्र नको म्हणाले लिहायला.
आळीतली सगळी मांजरं
तिच्याच खाली झोपतात.

"लिही, स्टेअरिंग डावीकडे."
आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
ब्रशचा रंग कोपरापर्यंत ओघळला.

डावीकडे बसून
ट्रकच्या पुढचा रस्ता दिसत नाही.
उजवीकडचं माणूस सांगेल तेव्हा जायचं.
जुलेखाचाची एकेचाळीस वर्षं सांगत होत्या,
ओढणी दातांत धरून, अर्ध्या बाहेर वाकून,
दोनच शब्द: काढ. नको.
कशेडीत काढ. भोस्त्यात नको.
खेडच्या अलीकडे नको, नको, नको, काढ.
त्यांनी काढ म्हटलं की चाचा
आठही सिलिंडर मोकळे सोडायचे,
समोर काय आहे ते न बघता.
एवढा भरवसा मी कुणावर टाकलेला नाही,
माझ्या शिडीवरसुद्धा नाही.

त्या गेल्यापासून गाडी एसटीच्या मागे असते.
आसूदच्या चढावर एसटी थांबली की ही थांबते.
कंडक्टर मागच्या काचेतून हात करतो, पुढे जा.
चाचा धूर खात बसतात.
मुलीनं दोह्याहून आरसा पाठवला,
उजव्या अंगाला लावायचा, गोल, फुगीर.
तो खोक्यातच आहे.

गेल्या जुम्म्याला पुण्याहून एकजण आला.
बॉनेट उघडलं, खाली आडवा झाला,
मांजराला सॉरी म्हणाला. माणूस वाईट नव्हता.
चाळीस लाख सांगितले, तो तिसावरून बत्तिसावर आला.
चाचांनी विचारलं, "बरोबर कोण आहे?"
"एकटाच आलोय."
"मग जाताना?"
"ट्रेलर आणतो ना. चालवायची कुठे,
वर्षातून एक रॅली, एरवी काचेच्या आत."
चाचांनी चावी खिशात टाकली
आणि त्याला सुरमई खायला घालून वाटेला लावलं.

म्हणून हा बोर्ड.
शेवटची ओळ त्यांची,
मी फक्त अक्षर दिलं:
'घ्यायला दोघांनी यावे.'

डब्यात थोडा पांढरा उरला होता, थोडा काळा,
एका डोळ्यापुरता.
उजव्या दिव्याच्या वर, पत्र्यावर,
मी अंगठ्यानं जागा पुसून पाहिली.
चाचा माझ्याकडे बघत नव्हते,
खाडीकडे बघत होते.
म्हणाले,
"नको."