मानस

आधी घरातच करून बघितलं.
फ्रिज आणि देव्हारा यांच्यामधल्या दीड हातात
चटई घातली, डोळे मिटले.
तिसऱ्या श्वासाला सासूबाई म्हणाल्या,
जरा सरक, बटाटे काढायचेत.

मग गच्ची. तिथं टाकी भरत होती,
आणि मी पाणीपुरवठा खात्यात,
तक्रारींच्या खिडकीशी, सोळा वर्षं.
नळ कोरडा, पाणी गढूळ, मीटर उलटा फिरतो,
तिसऱ्या मजल्यावर चढतच नाही हो,
बाई, तुम्ही तरी माणूस आहात ना.
रात्री कूस बदलली तरी
कानात गळत राहतं.

म्हणून शनिवारी रायबंदरहून फेरीबोट.
पायी माणसाला तिकीट नाही,
मनात काय घेऊन चढलात, तेही कुणी तपासत नाही.
चोडणला उतरून बांधावरून चालत जायचं,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाजन,
आणि दोन्ही जिथं एकमेकांना भिडतात
तिथं लाकडी दारांचं ते जुनं काम,
ज्याला इथले लोक मानस म्हणतात.
मी ठेवलेलं नाही. नाव आधीचंच.

चटई, पाण्याची बाटली, डासांचं मलम.
मोबाइल बंद करून डब्यात,
डब्याला झाकण, झाकणावर दगड.
पहिल्या शनिवारी डासांनी जप मोडला.
दुसऱ्या शनिवारी जप सुरू राहिला, पण
एकशे आठवर थांबेना,
एकशे नऊ, एकशे दहा, पुढे तक्रार क्रमांक,
पुढे भाटातल्या फेर्नांडिसबाईंचा फुटका पाइप.
तिसऱ्या शनिवारी एक कुर्ली
माझ्या चपलेत शिरून बसली,
माझ्याहून कितीतरी स्थिर.

रुझारनं हे मानस वर्षभरासाठी लिलावात घेतलेलं.
जाळं, कंदील, खांद्यावर ओला टॉवेल.
चार शनिवार तो एक शब्द बोलला नाही.
पाचव्याला जवळ आला,
"बाय, तूं कितें धरता?"
काही नाही, म्हटलं.
"गरी?"
नाही.
"जाळें?"
नाही.
इथल्या मासळीचा हक्क त्याचा, पैसे मोजलेत त्यानं,
तेव्हा जरा विचार करून म्हणाला,
"कांयच धरिना जाल्यार बस.
ताचे पयशे नात."

दुपारची भरती आली. कुणी दारं लावली नाहीत.
पाणीच येऊन टेकलं,
आणि पाण्याच्याच भारानं फळ्या मिटल्या,
कवळी काढून ठेवलेल्या ओठांसारख्या.
बाहेर खाडी फुगत गेली,
गुडघ्याएवढी, छातीएवढी,
आत चिखलात एक बगळा नुसता पाय बदलत होता.
फटींतून थोडं झिरपत होतंच.
मी रुझारला दाखवलं, तक्रार म्हणून नव्हे,
तक्रार करायची मला सवयच नाही,
तरी दाखवलं.
तो हसला. "तितलें येवंक जाय.
ना जाल्यार सुंगटां खंयच्यान येतलीं?"

मग किती वेळ गेला, सांगता येणार नाही.
जप आठवला नाही, आणि
आठवला नाही हेही नंतर आठवलं.
दिवेलागणीला दारं आपणहून सैल झाली,
आतलं सगळं पाणी एकदम बोलत
खाडीकडे निघालं,
रुझारनं कंदील खाली धरला
आणि जाळं जड झालं.

निघताना त्यानं मूठभर सुंगटं पुढे केली.
पिशवी नव्हती. डबा होता.
केळीच्या पानात गुंडाळून ठेवली, मोबाइलशेजारी.

घरी सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला.
"ध्यानाला गेली होतीस ना?"
हो.
"आणि शनिवारी हे?"
थोड्या वेळानं, "उद्या रविवारच म्हणा,"
आणि फ्रिजसमोर मला कोपरानं ढकलत,
"सरक जरा."
मी सरकले.

सोमवारी खिडकी उघडायच्या आधीच
पहिला माणूस ओरडत होता.
मी मोबाइल बाजूला ठेवला,
त्याला अजून सुंगटांचा वास येत होता.
बोला, म्हटलं.
नाव, वॉर्ड, कधीपासून.