शंभराला एक

एकतीस वर्षं उद्यमबागेत लाकूडच घडवलं,
पण राहण्यासाठी नाही.
पंपाचं पोट, व्हॉल्वची मान,
सगळं सागवानात करायचं, घासून आरसा करायचं,
वाळूत दाबायचं, आणि हळूच उपसून घ्यायचं.
उरायची ती पोकळी. तिच्यात लोखंड ओतायचे.
पॅटर्न परत फळीवर, नंबर लावून, धूळ खात.

आता मजगावात, मालनच्या ओट्याखाली
सात दारं करतोय. कमानीची.
मध्ये फुगीर दिल्हा, चारी कडांना उतार.
गवंड्यानं कप्पे बांधून दीड वर्ष झालं,
तेवढे दिवस जुन्या लुगड्याचा पडदा होता, सुतळीवर.

नंदगडच्या वखारीतून फणस आणला.
कापताना पिवळाजर्द,
चार महिन्यांत चहाच्या रंगावर येतो.

कमान एक नसते, दोन असतात.
एक चौकटीच्या वरच्या पट्टीची,
दुसरी दिल्ह्याची, खाचेत शिरेल एवढी मोठी.
मी एक वायसर घेतला, भोकात पेन्सिलीचं टोक,
आणि पहिल्या कमानीच्या कडेनं घरंगळत नेला.
वायसर चालतो, मागं दुसरी कमान उमटत येते,
पहिलीपासून सगळीकडं सारखीच दूर.

खांद्यावर मात्र लाकूड उलटं येतं.
तिथं राउटर झिलपी उपटतो,
तिथं मशीन बंद करून पटाशीच घ्यावी लागते.
कधी हेस्कॉमवालेच बंद करतात.

संध्याकाळी बसलिंगप्पा यायचा, मोल्डिंग खात्यातला.
दिल्ह्यांची वरची बाजू तो खुणावायचा, त्याच्या अक्षरात,
आणि मोठ्यानं वाचायचा, "मेले."
"कोण मेले?" आतून मालन. दर वेळी.
दर वेळी तो तितकाच हसायचा.
एकदा कमानीवर बोट फिरवत म्हणाला,
तुमच्यात वाकलं की बाक, आमच्यात बागु.
आणि दाराला आम्ही बागल म्हणतो, बघ.
एवढं बोलून तंबाखू थुंकायला गेला.

सरस फक्त कुसवांना लावला. दिल्ह्याला थेंब नाही.
पावसाळ्यात तो फुगणार, माघात आकसणार,
त्याला खाचेत हलायला जागा पाहिजे.
चिकटवलास तर स्वतः फुटेल नाहीतर चौकट फोडेल.

पहिली जोडी बिजागऱ्यांवर चढवली
आणि ती मिटेचना.
कूस चोख, गुण्याला उजेड दिसत नव्हता,
तरी दोन्ही दारं मधोमध एकमेकांवर चढलेली.
प्रत्येकी चार मिलिमीटर.
रात्रभर कप्प्याला शिव्या घातल्या, गवंड्याला घातल्या.
सकाळी हातातली पट्टी उलटून बघितली.

फाउंड्रीतली पट्टी. आकसपट्टी म्हणायचो आम्ही.
बीड गार होताना शंभराला एक आकसतं,
म्हणून आमचा फूट फुटापेक्षा मोठा असायचा.
गवंड्यानं बाजारातल्या टेपनं मापलं होतं,
मी दारं मापली आटणाऱ्या लोखंडासाठी.
नोकरी सुटून तीन वर्षं झाली,
हातांना कुणी कळवलं नव्हतं.

मालनला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली.
"मग गार होऊ देत की. बसतील."

बसलिंगप्पानं दार धरलं, मी रंधा मारला,
कडेला दोन मिलिमीटर, दुसऱ्या कडेला दोन,
खालच्या पट्टीला जरा जास्त.
कमानीला हात लावला नाही.
पुढची पाच दारं टेपनं केली.
त्या दोन कमानी तेवढ्या अजून मोठ्या आहेत,
लांबून कळत नाही, जवळूनही नाही,
मला भांडी आणायला वाकलो की कळतं.

पट्टी टाकून देणार होतो. मालननं ठेवून घेतली.
सिलिंडरच्या मागं लिंबू घरंगळलं
की त्याच पट्टीनं ओढून काढते.
म्हणते, ही बरी आहे,
दुसरीपेक्षा थोडी आत जाते.