चादर भिजवणारा

म्हापशात, तारीच्या अंगाला, मिठाच्या कोठाराशेजारी
आमचं थेटर: वर झावळ्या, पुढे पांढरी चादर.
चादर भिजवायचं काम माझं.
ओल्या कापडावर चेहरे जास्त उजळतात
हे मला आठव्या वर्षीच ठाऊक होतं.

फ्रान्सची फिल्लम मुकी आली.
मधली अक्षरं पोर्तुगीज, वाचणारे आमच्यात तिघे:
पाद्री, जकातीवरचा कारकून आणि सगुण वेर्णेकर.
सगुण डाव्या खांबाला टेकून
सगळ्यांच्या तोंडी शब्द द्यायचा.
बोस्त्यांव व्हायोलिनचा गज उचलून
त्याच्या श्वासाची वाट पाहायचा.

ती दीपगृहवाल्याची बायको.
नवरा दाराशी, खांद्यावर पोतं,
पलीकडे काळा समुद्र.
तिचे ओठ हलतात. अक्षरं येत नाहीत.
सगुण म्हणायचा,
"जेवन वच."

नऊ रात्री. नऊही रात्री
ज्यांचे घोव आगबोटीवर गेलेले त्या बायका
पदर तोंडात धरून बसायच्या.

अकरा वर्षांनी तीच गोष्ट परत आली, बोलकी होऊन.
बाई वेगळी, दार तेच.
थेटरावर पत्रे चढलेले,
माझ्या हाती बादलीऐवजी गोटी सोडा.
सगुण तिकीट काढून पहिल्या रांगेत,
भट्टीचा कोट घालून,
जणू लेकीच्या सासरी आलाय.

बाई बोलली. खर्जातला, किंचित घोगरा आवाज.
सगुण मान हलवत राहिला,
"तिचो आवाज असो न्हय. असो न्हय."

मग ते दार आलं.
पोतं. समुद्र, आता पत्रे थरथरवणारा.
आणि तासभर बोलत असलेल्या बाईने
नेमके तिथेच ओठ मिटले.

"जेवन वच,"
पहिल्या रांगेतून.

मागे कुणी हसलं. कुणी शुक् केलं.
पडद्यावरचा माणूस उंबऱ्यात थबकला.
तो थबकायचाच, जुन्यातही थबकला होता,
पक्कं आठवतंय मला,
तरी माझा अंगठा गोटीवर तसाच राहिला
आणि फेस मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

सगुण शेवटाला थांबला नाही.
दारात माझ्यापाशी येऊन म्हणाला,
ती गप्प का राहिली रे?

मला काय ठाऊक. मी चादर भिजवणारा.
म्हटलं, विसरली असेल.