समोरचा दात

"पण ह्याला स्कोप काय?"
शिरीषकाका बशीत चहा ओतता ओतता विचारायचे
आणि आई माझ्याऐवजी उत्तर द्यायची,
"सरकारमान्य आहे हो."
दोन वर्षांचा डिप्लोमा. माती, चाक, ग्लेझ.
धायरीच्या बसमध्ये माझी नखं बघून
शेजारची बाई पदर आवरून घ्यायची.

शेवटच्या दिवशी मानेसर भट्टीला पाठ टेकवून म्हणाले,
"बाराशे डिग्रीला जे टिकतं ते टिकतं.
पुढचं मला माहीत नाही, पोरांनो."
जिन्यात प्लेसमेंटचा फळा होता.
त्यावर टाचण्या होत्या.

तंझिला कोंढव्यात केकसाठी साखरेची फुलं करते,
एकेक पाकळी कागदाहून पातळ.
लोक ती उचलून बशीच्या कडेला ठेवतात.
भार्गव तापकीरचा हात आमच्या सगळ्यांत चांगला,
तो वाकडला फ्लॅट दाखवतो.
म्हणतो, भिंतीवर टिचकी मारली की मला कळतं
आतून कुठे पोकळ आहे.
पण ते सांगायचे पैसे नाहीत,
न सांगायचे आहेत.

आणि मी दात करते.
टिळक रस्त्याच्या मागे, खाली झेरॉक्स, वर लॅब.
पोर्सेलिनची पूड, तीन केसांचा ब्रश,
आणि डब्याएवढी भट्टी, नऊशेच्या आसपास थांबणारी.
सरांना अजून सांगितलेलं नाही.
काकांनाही नाही,
त्यांची खालची कवळी आमच्याकडूनच गेली आहे.

दात पांढरा नसतो, हे मी इथे शिकले.
मुळाशी हळदीचं बोट लागल्यासारखा,
टोकाला पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर,
आणि मधे त्या माणसाचं सगळं: चहा, बिडी,
लहानपणी सायकलवरून पडणं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गुलाबराव खुड्यांना वर पाठवलं,
रंग जुळेना म्हणून.
बँडमध्ये क्लॅरिनेट, चौतीस वर्षं.
समोरचा दात अर्ध्यात गेलेला,
लग्नाची तारीख अकरा दिवसांवर.
म्हणाले, "पांढराशुभ्र नका करू, बाई.
पोरांना वाटेल मी नवीन लागलोय."

मग पिशवीतून त्यांनी वाद्य काढलं, रुमालात गुंडाळलेलं,
आणि फुंकायच्या टोकावर बोट ठेवलं.
तिथे एक खाच होती.
चौतीस वर्षं एकाच जागी दात टेकून
काळ्या एबोनाइटमध्ये पडलेली,
किंचित डावीकडे कललेली.
तुटलेला दात कुठल्याशा बेसिनमधून वाहून गेला होता,
पण त्याचा साचा तेवढा राहिला होता.

मी खाचेचं माप घेतलं.
खाचेवरून दात केला, उलटा,
जसं पावलाच्या ठशावरून माणूस करावा.
कडेला तिरका घासला, एक तपकिरी केसरेघ ओढली,
भाजला, पाहिला, मोडला,
पुन्हा केला.
पहिला फार सुंदर झाला होता.

बसवला त्या दिवशी मला खाली बोलावलं.
त्यांनी आधी आरसा घेतला नाही,
वाद्य घेतलं.
एकच सूर, दबक्या आवाजात,
बाहेर रूट कॅनॉलला बसलेल्या मुलाचं रडणं
मधेच थांबलं.
मग आरशात बराच वेळ पाहून म्हणाले,
"ह्यातला कुठला?"
जिभेनं शोधावा लागला त्यांना.

सही करायला जागा नसते ह्या कामात.
मानेसर प्रत्येक भांड्याच्या बुडाशी
आम्हाला नाव कोरायला लावायचे.

काल दांडेकर पुलापाशी बस अडली, वरात होती.
लाल कोट, झिजलेल्या सोनेरी फिती,
ट्युबलाइट डोक्यावर घेतलेल्या बायका.
दुसऱ्या रांगेत गुलाबराव, डोळे मिटलेले.
मी खिडकीतून वाकून वाकून पाहिलं.
ओठ मिटलेले होते वाद्यावर,
काही दिसलं नाही.
कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हात आत घ्या."