चतुःसीमा

सत्तावीस वर्षं मी दस्त लिहितो
निबंधक कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली,
आधी टाइपरायटरवर, आता पोराच्या जुन्या संगणकावर.
पूर्वेस गट नंबर अमुक, दक्षिणेस गाडीवाट,
उत्तरेस बांध (आणि बांधावरचं भांडण, ते लिहायचं नसतं).
जमीन म्हणजे मला चार ओळी पाठ.

नीलव्वा हत्तुरे मार्चात आल्या,
पिशवीत सातबारा, हातात ताकाची बाटली.
हिप्परग्याच्या तलावाला लागून एक हेक्टर बारा आर.
"बक्षीसपत्र लिही."
पुतण्याच्या नावे?
"नाही. वनखात्याच्या. हक्कींसाठी," म्हणाल्या,
आणि मी कानडीत अडलो असं वाटून पुन्हा,
"पाखरांसाठी."
शेजारच्या टेबलावरचा शिक्का
हवेतच थांबला.

पूर्वेस तुळजापूर रस्त्याला मिळणारी वाट.
दक्षिणेस जमादारांची करडई.
उत्तरेस चुना फासलेले दगड, "लेक व्ह्यू",
गुंठ्याला अकरा लाख, फोन नंबर खाली.
पश्चिमेस?
"पाणी."
पाणी कुठपर्यंत, बाई? आकडा लागतो.
"दसऱ्याला चिंचेच्या बुंध्याशी.
संक्रांतीला वीस पावलं मागं.
वैशाखात नसतंच. तेव्हा पश्चिमेस भेगा लिही."
मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
हलणारी हद्द
कुठल्या रकान्यात भरतात
मला कुणी शिकवलेलं नाही.

सर्व्हर बंद. दोन तास.
बाहेर बेचाळीसचं ऊन, आत एकच पंखा,
तोही साहेबांकडे तोंड करून.
ताक पीत त्या बोलत राहिल्या:

"एका साली नांगरताना बैल थांबला.
ढेकळांत ढेकळासारखी चार अंडी,
डोक्यावर टिटवीचा नुसता कालवा.
मालक म्हणाले, वळव.
तेवढ्याला वळसा घातला.
पुढल्या साली आणखी एक वळसा.
लोक दुसऱ्याचा बांध कोरतात,
आमचा टिटवीनं कोरला.
मालक गेले तेव्हा पेरायला
निम्मंच रान उरलं होतं.
भाऊबंद हसायचे.
मालकपण हसायचे, पण वेगळं."

नमुन्यात एक वाक्य तयारच असतं:
*नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी,
कोणताही मोबदला न घेता.*
भावाभावांच्या दस्तात ते लिहिताना
मी मान वर करत नाही,
समोरचे एकमेकांकडे बघत नसतात म्हणून.
सरकारला कोण आपुलकीनं देतं?
खोडायला बोट नेलं.
मग राहू दिलं.

साक्षीदार, पुतण्या मल्लिनाथ.
सकाळपासून मोबाइलवर गुणाकार करत होता,
अकरा गुणिले किती, हे त्याच्या ओठांवरून कळत होतं.
सही करताना त्यानं पेन दोनदा झटकलं.
शाई होती.

नीलव्वांचा अंगठा यंत्राला सापडेना.
हात धुऊन या, साहेब म्हणाले.
धुतले. पुसले. पुन्हा ठेवला.
खुरप्यानं घासलेल्या बोटावर
रेघाच उरल्या नव्हत्या वाचायला.
शेवटी डावी करंगळी चालली.

वनक्षेत्रपाल नवा होता, नाशिककडचा, मिशी कोवळी.
त्यानं दान स्वीकारलं,
पाठ केल्यासारखा आभार मानू लागला,
तर बाई मध्येच म्हणाल्या,
"आता मी तिथं बसायला आले
तर कुणाला विचारायचं?"

तो साहेबांकडे बघू लागला.
साहेब माझ्याकडे.
मी दस्ताची पानं उलटली,
जणू कुठंतरी लिहून ठेवलं असेल.
"फलक लागेल," तो हळूच म्हणाला,
"सकाळी सहा ते संध्याकाळी सहा."

"मला नाही," त्या उठत म्हणाल्या,
"टिटवीला सांग वेळ. ती रात्रीच जास्त ओरडते."

कुणाच्या दस्ताची झेरॉक्स मी ठेवत नाही, धंद्याचा नियम.
याच्या एका पानाची ठेवली आहे.
पश्चिमेस: पाणी, असेल तेवढं.
साहेबांनी ते वाचलं होतं की नाही
मी विचारलेलं नाही.