वेळूचं वळण

हत्तरगीच्या टोलनाक्याअलीकडे, उसाच्या फडातून डावीकडे वळलं
की आमचा पार्क.
आमचा म्हणजे, मालक हुबळीचा,
पण वर्षाचा पास काढून दर रविवारी येणारे आम्ही पाच.
मी उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न घडवतो,
अर्धा मिलिमीटर चुकला तर रात्री झोप लागत नाही,
म्हणून नव्या बांधकामावर बोलायचा हक्क मला आहे
असं मी धरून चालतो.

इनास म्हणतो, डोंगर बरा जमलाय.
सिमेंटचा डोंगर, आत लोखंडी जाळी,
वरून गोकाकच्या दगडाचा रंग, उन्हात गुलाबी पडणारा.
पाटणेकर बाई चित्रकलेच्या, रिटायर झालेल्या,
चष्मा पुसून म्हणतात, दगडाला थर आडवे असतात ओ,
ह्यांनी उभे काढलेत, हा दगड नव्हे, पडद्याची चुणी.
शकील मुजावरचा राग ताडांवर :
"आंध्रातनं ट्रकभर आणून उभं करून सोडलेत,
सावली बघ, छत्रीच्या दांड्याएवढी.
रांगेत पोरं भाजालीत की!"
विरुपाक्षीला हिरवळ आवडली.
छंद ऐति, म्हणाली ती, हात कमरेवर ठेवून.
कन्नडात छंद म्हणजे सुंदर,
मराठीत छंद म्हणजे आम्ही.

(फाटकावरच्या पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
यावर आम्ही बोलत नाही.
त्यासाठी वेगळी माणसं आहेत, त्यांना पास लागत नाही.)

माझं दुखणं वेगळं.
छोट्या आगगाडीच्या वाटेवर, तळ्यानंतर,
वेळूचं एक बेट होतं.
गाडी त्यात शिरली की सगळं बंद :
पाळणा नाही, भोंगा नाही, आईसक्रीमवाला नाही,
नुसतं हिरवं, करकरणारं अंधूक.
आठ सेकंद. मी मोजलेत, पुष्कळदा.
आणि मग एकदम तळं, एकदम मोठा पाळणा,
पोरं ओरडायची, जणू आत्ताच कुणी उभा केला.

ते बेट काढलं. पेव्हर ब्लॉक घातले,
कडेनं गुडघ्याएवढी पिवळी मेंदी.
आता फाटकातूनच सगळं दिसतं,
दुकानाच्या काचेत मांडल्यासारखं.
पाहायचं काय राहिलं?
बाग करणाऱ्याला लावायचं कळतं सगळ्यांनाच,
झाकायचं कळायला पाहिजे.
हे मी मॅनेजरला सांगितलं, स्केच काढून, मापं टाकून.
तो म्हणाला, सर, व्ह्यू ओपन केलाय.

मग दिवाळीनंतर नवा पाळणा सुरू झाला.
वर टोकाला गेलो आणि डोंगराची पाठ दिसली.
पाठीला रंग नव्हता. जाळी, वासे, वाळूचे ढीग,
दोरीवर दोन लुगडी, एक शाळेचा निळा शर्ट,
आणि विटांवर तवा. बाई भाकरी थापत होती.
तिनं वर पाहिलं नाही.
आम्ही पाचही जण गप्प.
खाली उतरल्यावर इनासनं डोंगराचं नाव काढलं नाही,
बाईंनी थरांचं काढलं नाही.
शकील एवढंच म्हणाला, "तिथं सावली आहे बघ."
मी घरी येऊन स्केचवर आणखी एक बेट काढलं,
डोंगराच्या मागं,
आणि खोडलं.
कुणाला कुणापासून झाकायचं, ते ठरेना.

गेल्या रविवारी माळी लगमण्णा भेटला.
नळी गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
वरचं कापलं साहेब, खालचं कोण काढतंय?
ब्लॉक उचलून येतंय बघा, दोन पावसाळ्यात.
त्यानं चपलेनं एक ब्लॉक दाबून दाखवला.
डुगडुगत होता, पोराच्या दुधाच्या दातासारखा.
मॅनेजरला सांगितलंत?
नाही, म्हणाला. त्यांनी विचारलं नाही.

मी आगगाडीचं तिकीट काढतो, पास असूनही,
खिडकीकडेची जागा मिळावी म्हणून.
तळं मागं पडलं की डोळे मिटतो.
समोरचं पोर आईला विचारतं, काका झोपले काय?
पाच.
सहा.
सात.